स्ट्रेचरचे दोन पट्टे

हिंगोली जिल्हा नवा झाला, त्याच्या पुढच्या वर्षी आमच्या आरोग्य केंद्राला एक घडीचं स्ट्रेचर मिळालं. केंद्र कळमनुरी तालुक्यात, वारंगा फाट्यापासून फार लांब नाही. गावाचं नाव सांगत नाही. मी तिथे औषधं वाटायचो आणि भांडार सांभाळायचो. गावात मला कंपाउंडर साहेब म्हणत, आणि डॉक्टर मीटिंगला गेले की नुसतंच साहेब. हे दुसरं मला फार आवडायचं. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

स्ट्रेचर नारिंगी रंगाचं, जाड ताडपत्रीचं होतं. उघडलं की माणसाच्या लांबीचं, घडी केली की काखेत मावणारं. दोन्ही बाजूंना दांड्या, चार कोपऱ्यांना दोर ओवायला लोखंडी कड्या, आणि आडवे तीन पट्टे. एक छातीवर, एक कमरेवर, एक पायांवर. खोल जागेतून जखमी माणूस वर ओढून काढायचा असेल तर हे वापरायचं. हिंगोलीला त्याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. डॉक्टरांना वेळ नव्हता, त्यांनी मला पाठवलं. शिकवणारे गृहस्थ फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी मलाच स्ट्रेचरवर झोपवलं, तिन्ही पट्टे आवळले आणि चार जणांना स्ट्रेचर सरळ उभं करायला लावलं. मी उभा लटकलो, पण जागचा हललो नाही. ते म्हणाले, पट्टे म्हणजेच स्ट्रेचर, बाकी सगळी नुसती ताडपत्री. हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. ती वही अजून माझ्याकडे आहे.

परत आल्यावर मी मोठ्या तोऱ्यात केंद्रात प्रात्यक्षिक दाखवलं. शिपायाला बांधलं, उचललं, सोडलं. मग स्ट्रेचरची घडी करून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटावर ठेवून दिलं. रस्त्यावर अपघात व्हायचे, पण लोक जखमीला हातापायाला धरून उचलायचे, जीपमध्ये टाकायचे आणि थेट नांदेड गाठायचे. स्ट्रेचर मागायला कोणी आलं नाही. तपासणीला वरचे साहेब आले की मी ते खाली काढायचो, फडक्यानं पुसायचो, दाखवायचो आणि पुन्हा वर ठेवायचो. सरकारी वस्तू वापरून मळवण्यापेक्षा नवी कोरी दाखवण्यातच आमची शान होती.

त्याच सुमारास आमच्या घरी गॅस आला. भरलेली टाकी आणायला आखाडा बाळापूरला जावं लागे. स्कूटरच्या मागच्या सीटवर टाकी आडवी ठेवायची आणि सुतळीच्या दोरानं बांधायची. एकदा बाजाराच्या दिवशी, भर गर्दीत, खड्ड्यात गाडी आदळली आणि टाकी सुटून गडगडत भाजीवाल्यांपर्यंत गेली. लोक आधी पळाले आणि मग पोट धरून हसले. मी साहेब माणूस. मला ते हसू फार लागलं. घरी आल्यावर बायकोनं पट्टा सुचवला असं इथे लिहायचा मोह होतोय. तिनं काही सुचवलं नाही. डोकं माझंच.

छातीचा आणि कमरेचा असे दोन पट्टे मी स्ट्रेचरवरून काढले. पायांचा राहू दिला. सगळेच काढले असते तर ती चोरी झाली असती, दोन काढले तर ती सोय, असा काहीतरी हिशेब मनात असावा. पट्टे फार चांगले होते. बक्कल दाबलं की खट् आवाज यायचा आणि टाकी सीटला चिकटून बसायची. कितीही खड्डे येवोत, हलायची नाही. बाळापूरला एकानं विचारलंसुद्धा, "सायब, हे कुठून आणलं हो?" मी म्हणालो, हिंगोलीहून. ते खोटं नव्हतं.

तपासणीच्या आधी पट्टे परत लावायचे आणि तपासणी झाली की काढायचे, असं वर्षभर चाललं. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मग तो दिवस आला. उन्हाळा होता. केंद्रापासून दोन-तीन किलोमीटरवर एक तांडा आहे. तांड्याच्या शिवारात विहिरीचं काम चाललं होतं. आमच्याकडे विहिरीतला दगड-मुरूम वर काढायला इंजिनावर चालणारं एक यंत्र असतं, त्याला यारी म्हणतात. काठावर लोखंडी खांब, त्याला तार आणि तारेला लोखंडी डबा. दुपारी जेवायच्या सुटीला एक तरणा मजूर दोराच्या शिडीनं वर येत होता. निम्म्यावर शिडी फिरली, हात सुटला आणि तो खाली पडला. एक जण मोटारसायकलवरून घाईघाईनं केंद्रात आला. डॉक्टर हिंगोलीला मीटिंगला गेलेले, केंद्राची गाडीही त्यांच्याबरोबर. मी एकटाच.

मला आनंद झाला. लिहायला लाज वाटते, पण झाला. आता दाखवतो, असं वाटलं. कपाटावरून स्ट्रेचर ओढलं, प्लास्टिक फाडून फेकलं आणि खांद्यावर टाकून मोटारसायकलवर बसलो. केंद्राच्या दारातच माझी स्कूटर उभी होती. सकाळीच आणलेली टाकी तिच्यावर तशीच होती, घरी न्यायला वेळ झाला नव्हता. मी तिच्या शेजारून गेलो. तिच्यावर नजर पडली असणार, पण डोक्यात काही शिरलं नाही. इथपर्यंतच्या चुकीला विसरभोळेपणा म्हणता येईल. मी स्वतःला एवढी सूट देतो, पुढची देत नाही.

विहिरीच्या काठावर अख्खा तांडा जमला होता. त्या मजुराच्या आईला दोन बायकांनी धरून ठेवलं होतं. नवरा नव्हता तिला. पोरगा एकुलता एक. मला पाहताच ती बायकांच्या हातातून सुटून पुढे आली आणि म्हणाली, "सायब, माझं लेकरू तुमच्या हातात हाय." मी म्हणालो, काळजी करू नका, मी याचं शिक्षण घेतलंय. आणि यारीच्या डब्यात बसून खाली उतरलो.

खाली तो मुरमाच्या ढिगाशेजारी कुशीवर पडला होता. शुद्धीवर होता. विचारलं, कुठे दुखतंय? म्हणाला, "कंबर." म्हटलं, पायाची बोटं हलव. त्यानं हलवली. दोन्ही पायांची. डावी जरा कमी, पण हलवली. मी वर तोंड करून ओरडलो, पाय शाबूत आहेत! वरून बायकांचा सुटकेचा आवाज आला. खाली दोन मजूर होते. एकाला डोकं धरायला लावलं, पाठीचा कणा वाकू न देता एक-दोन-तीन म्हणून तिघांनी त्याला अलगद स्ट्रेचरवर घेतलं. हे सगळं बरोबर केलं. फौजेतल्या गृहस्थांनी शाबासकी दिली असती.

मग पट्टे ओढायला हात घातला आणि हाताला पट्ट्यांच्या रिकाम्या खाचा लागल्या.

डोकं धरलेल्या मजुरानं विचारलं, "सायब, याला बांधायचं कशानं?" खरं तर बांधायला काय कमी होतं? त्या दोघांच्या डोक्याला रुमाल होते. वरून मागितलं असतं तर दोरांची भेंडोळी आली असती. पण दोर मागितला असता तर कोणीतरी विचारलं असतं, याचे पट्टे कुठे गेले? शिपायावर प्रात्यक्षिक करताना तांड्यातल्या चार जणांनी ते पट्टे पाहिले होते. मी उत्तर देत नाही हे पाहून त्या मजुरानंच वर हाक दिली, "दोर टाका रे, बांधायला!"

आणि आई वरून किंचाळली. "बांधू नका! माझ्या जित्या लेकराला बांधू नका!"

आमच्याकडे माणसाला बांधतात ते एकदाच, तिरडीवर. दोन दांड्या, मध्ये आडवा माणूस आणि वरून दोर, हे चित्र तिनं वरून पाहिलं आणि तिचा जीव उडाला. काठावरच्या म्हाताऱ्यांनीही तिचीच री ओढली. "बराबर म्हनती ती. बांधू नका, असंच घ्या वर."

मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगण्यासाठी हे सगळं लिहायला बसलो आहे. मला सुटल्यासारखं वाटलं.

मी कसा माणूस होतो ते ऐका. तापानं फणफणलेल्या लेकराच्या कपाळाला अंगारा दिसला तर मी त्याच्या आईला रांगेत सगळ्यांदेखत झापायचो. गळ्यातले ताईत बघून टोमणे मारायचो. असल्या समजुतींची मला भारी चीड. आणि त्या दिवशी मी नम्र झालो. वर बघून म्हणालो, "ठीक आहे, आईची इच्छा नाही तर नको बांधायला." पायांचा एकच पट्टा लोंबत होता. कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून मी तो हळूच घडी घालून ताडपत्रीखाली सारला. पोराला म्हटलं, दोन्ही दांड्या घट्ट धरून ठेव.

चार कड्यांतून दोर ओवले, तारेच्या आकड्यात अडकवले, इंजिन सुरू झालं. स्ट्रेचर सरळ वर चाललं होतं. दोन माणसांच्या उंचीवर विहिरीच्या भिंतीतून एक दगड बाहेर आला होता. त्याला एक कोपरा अडला. स्ट्रेचर कललं. भीतीनं त्यानं दांडी सोडून दगडाला हात घातला आणि बाजूनं घसरून खाली आला. ढिगावर आपटला. तो आवाज मी इथे लिहीत नाही.

दुसऱ्या खेपेला त्याला बांधलं. मजुरांच्या रुमालांनी आणि वरून पडलेल्या एका ओढणीनं. आरशांचं भरतकाम केलेली लांबलचक ओढणी होती ती. त्याच्या आईनं स्वतःच्या डोक्यावरची काढून खाली टाकली होती. ती वरून ओरडत होती, "बांधा, आता तरी बांधा."

वर आल्यावर मी त्याला म्हटलं, पायाची बोटं हलव.

"हलवून राहिलो की, सायब," तो म्हणाला.

बोटं हलत नव्हती.

त्याला जीपनं नांदेडला नेलं. मी केंद्रात परत आलो. डॉक्टर यायच्या आत दोन्ही पट्टे टाकीवरून सोडले आणि स्ट्रेचरला लावले. बक्कलं दाबून पाहिली. खट्, खट्. संध्याकाळी डॉक्टरांनी घडलेलं लिहून द्यायला सांगितलं तेव्हा मी सुवाच्य अक्षरात लिहिलं की, रुग्णाच्या आईने तीव्र विरोध केल्यामुळे पट्टे लावता आले नाहीत. यातला एकही शब्द खोटा म्हणून कोणी धरू शकलं नसतं. घरी टाकी सुतळीनं बांधून नेली. बायकोनं विचारलं, "ते चांगले पट्टे कुठं गेले?" मी तिच्यावर खेकसलो. तिला आजही त्याचं कारण माहीत नाही.

पोरगा वाचला. कमरेखालून गेला. दोन महिन्यांनी त्याला घरी आणलं, त्यानंतर दोन-चार दिवसांनी त्याची आई केंद्रात आली. औषधाच्या खिडकीशी न थांबता सरळ आत आली आणि माझ्या पायावर डोकं ठेवलं. "सायब, तुमी बांधत व्हते. म्या बांधू दिलं न्हाई. म्या माझ्या हातानं लेकराचे पाय घालवले." सांगायची वेळ हीच होती. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी तिला उठवलं आणि म्हणालो, "जाऊ द्या आई, होणारं होतं ते झालं." मोठ्या मनानं क्षमा करावी तसं म्हणालो. माझ्या आयुष्यात मी याहून हलकट वाक्य उच्चारलेलं नाही.

तांड्यात लोक तिला सोडत नव्हते. पोराला आईनंच पाडलं, असं बायका पाणी भरताना तिच्या तोंडावर बोलायच्या. ती लग्नाकार्याला जाईनाशी झाली. शिपाई हे सगळं मला येऊन सांगायचा आणि मी गोळ्या मोजत राहायचो.

दर आठवड्याला ती पोराच्या पाठीच्या जखमांसाठी औषध न्यायला यायची. मी तिला रांगेत उभं राहू द्यायचो नाही. कापूस, पट्टी, मलम, सगळं जास्तीचं द्यायचो. बाहेर लिहून द्यायची औषधंसुद्धा कुठून कुठून मिळवून द्यायचो. वाटायचं, फिटेल. ती हरभऱ्याची भाजी, भुईमुगाच्या शेंगा, कधी बोरं घेऊन यायची आणि सगळ्यांना सांगायची, "असा मानूस पहायला भेटायचा न्हाई." ती भाजी घरी जाऊन मला खावी लागायची. बायको म्हणायची, किती छान कोवळी आहे.

एकदा अपंगाच्या दाखल्यासाठी कागद लागले तेव्हा डॉक्टरांनी माझं ते लिहिलेलं काढलं आणि तिला वाचून दाखवलं. मी शेजारच्या खोलीत होतो. ऐकून ती म्हणाली, "व्हय, बराबर लिवलंय."

अशी आठ वर्षं गेली. माझी बदली शिरड शहापूरला झाली. सामान बांधून झालं आणि जायच्या आदल्या दिवशी सकाळी मी तांड्यावर गेलो. वाटेत दोनदा स्कूटर थांबवली. परत फिरावं असं फार वाटलं.

तो दारापुढे बाजेवर उशीला टेकून बसला होता. लोकांचे रेडिओ, टॉर्च दुरुस्त करायला शिकला होता. मांडीवर एक उघडा रेडिओ होता. आई मला पाहून लगबगीनं उठली. बसायला पोतं अंथरलं. मी बसलो नाही. उभ्यानंच सांगून टाकलं. म्हणालो, "आई, त्या दिवशी स्ट्रेचरला पट्टेच नव्हते. मी ते काढून घरच्या गॅसच्या टाकीला वापरत होतो. तुम्ही नको म्हणाला नसतात तरी माझ्याकडे बांधायला काही नव्हतं. दोर मागायची मला लाज वाटली. तुमचं निमित्त झालं, चूक माझी आहे."

तिचे डोळे भरले आणि ती चक्क हसली.

"काहून असं बोलून राहिले सायब? जाऊन राहिले म्हनून?"

"नाही, आई, खरं सांगतोय."

"सरकारी कागदात लिवलंय नं. डाक्टरनं वाचून दावलं मला. कागद खोटा असतो काय?" मग पोराकडे वळून म्हणाली, "पाह्यलं का रे, किती मोठं मन हाय. माझ्या जिवाला बरं वाटावं म्हनून माझं पाप आपल्या अंगावर घेऊन राहिले." तिनं माझ्यावरून हात ओवाळून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली आणि चहा टाकायला आत गेली.

मी तिथेच उभा. तो रेडिओतल्या तारा बघत होता. मान वर न करता म्हणाला, "पायाचा पट्टा तुमी खाली दडवला, तवा म्या पाहिला व्हता."

मी विचारलं, "मग आईला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं व्हतं. दोनदा सांगितलं. ती म्हने, येवढं औषध देनारा मानूस असं कसं करल." त्यानं स्क्रू फिरवला. "मंग म्या बी सोडून दिलं. औषध तर तुमच्याकूनच न्यायचं व्हतं."

चहा आला. मी प्यालो. नको म्हणायची हिंमत झाली नाही. तोवर ऊन बाजेवर आलं होतं. आई म्हणाली, "सायब, जरा हात लावता का? शेजारचं कोनी न्हाई. बाज सावलीत घ्यायची हाय." तिनं त्याच्या मांडीवरचा रेडिओ उचलून ठेवला, त्याला आडवं केलं आणि आत जाऊन एक ओढणी घेऊन आली. बरेच आरसे निखळले होते, पण मी ती ओळखली.

"बांधल्याबिगर म्या याला हलवत न्हाई," ती म्हणाली. "चार पावलं न्यायचं असलं तरी न्हाई. घ्या, तुमीच बांधा. तुमाला शिकवलेलं हाय."

मी ओढणी बाजेखालून घेतली. छातीवर एक गाठ मारली. उरलेलं टोक कमरेवरून आणून दुसरी मारली. तो खालून माझ्या तोंडाकडे पाहत होता. टोक अजून शिल्लक होतं म्हणून मी पायांकडे सरकलो.

"पायाला नगं," तो म्हणाला. "ते कुठं जात न्हाईत."

मग आईनं डोक्याकडून आणि मी पायांकडून बाज उचलली.